‘तुम्ही काय करता?’

परदेशात गेलेल्या बायकांकडून एक प्रश्न मला वरचेवर येतो. ‘इथे परदेशी बायकांचे क्लब आहेत. जाऊ का? गेले तर माझा तिथे निभाव लागेल का?’ उत्तर म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती नाशिकची, वय 37. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात 11 वर्षं काढलेली. नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली, हिने राजीनामा दिला आणि तिघं अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलवेनला राहायला गेली. तिथे भारतीय भरपूर. “खाली उतरलं की हिंदी कानावर पडतं, कढीपत्तासुद्धा मिळतो. मग एकटी आहे असं कुठल्या तोंडाने म्हणू, ताई?” हे तिचं पहिलं वाक्य होतं. व्हिसावर काम करायची मुभा होती, पण बँकेतल्या नोकऱ्यांना डच भाषा हवी, तिथे गाडी अडली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे सरकतात आणि भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. मुलगा झोपून ही मोकळी होईतो रात्रीचे साडेआठ, म्हणजे नाशकात एक. आईशी रोजचं बोलणं तिथेच तुटलं. त्यात डिसेंबरला साडेचारलाच दिवस मावळतो.

मी तिला गृहपाठ दिला: आंतरराष्ट्रीय महिला क्लबच्या कॉफीला जाऊन ये. कल्पना काही नवी नव्हती. परदेशातल्या अमेरिकन बायकांच्या क्लबांचा संघ 1931 साली स्थापन झालाय आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे. गाव सुटलेल्या माणसांना ही गरज व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून वाटत आली आहे. एवढा सगळा आधार असताना मला वाटलं, सोपं आहे.

ती गेली. पुढच्या वेळी स्क्रीनवर आली ती हिरमुसून.

“कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसल्यासारखं वाटलं. एकीने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही. ती गोड हसली आणि पलीकडच्या टेबलावर गेली. मग मी कॉफी गार होईपर्यंत कप धरून उभी. शेवटी कप विसळला, पालथा घातला आणि निघाले.”

“आणि मराठी मंडळ?”

“गणपतीत गेले होते की. तिथे विचारतात, मिस्टर कुठल्या कंपनीत?”

हसू आलं मला, पण चूक माझी होती. अनोळखी घोळक्यात कप घेऊन हिंडायचं आणि पाच मिनिटांत स्वतःची ओळख मांडायची, ही एक वेगळीच कला आहे. ती आपल्याला कुणी शिकवलेली नसते. आपलं सूत जुळतं ते हात कामात असताना: पापड लाटताना, हळदीकुंकवाची तयारी करताना, बँकेत मार्च अखेरीला रात्री थांबून. मी तिला नुसतं उभं राहायला पाठवलं होतं.

(झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर क्लब हे औषध नाही. नेदरलँड्समध्ये अशा वेळी आधी हाउसआर्ट्स म्हणजे फॅमिली डॉक्टर गाठायचा, पुढची वाट तिथून जाते. हिचं तसं नव्हतं, ते मी आधीच तपासलं होतं.)

मग ठरलं ते असं. मैत्री करायला जायचंच नाही. काम मागायला जायचं. मोठ्या कॉफीऐवजी चार-सहा जणींचा एखादा गट धरायचा, चालण्याचा, वाचनाचा, कसलाही. चार वेळा गेल्याशिवाय बरं-वाईट ठरवायचं नाही. शिवाय वाचनालयातल्या भाषा-कट्ट्यावर डच बोलायला बसायचं, कारण तिथे सगळ्याच अडखळतात आणि कुणी काय करतं याची फारशी चौकशी होत नाही.

चालण्याच्या गटात दोनदा गेली आणि कंटाळली. मीही तिला ढकललं नाही. पण नाताळाआधी क्लबने जुन्या वस्तूंची विक्री ठेवली होती, तिथे पैसे घेण्याच्या टेबलावर माणूस हवा होता. हिने हात वर केला. संध्याकाळी पेटी उघडली तर सहा युरो कमी. खजिनदार, एक अर्जेंटिनाची बाई, म्हणाली राहू दे, मी घालते. हिला ते सहनच होईना. “ताई, रोकड न जुळवता काउंटर कसा बंद करायचा?” दोघी पावत्या मांडून बसल्या. एका पावतीवरचा एक सातासारखा वाचला गेला होता. तिकडे एकाला वरून तिरपी शेपूट काढतात आणि सातावर आडवी रेघ मारतात, हे हिला नवीन. पाऊण तास गेला, नऊ वाजले.

त्या पाऊण तासात कुणी कुणाला काय करता असं विचारलं नव्हतं.

पुढे दोघींचं जमलं. डायरी काढून तीन आठवडे आधी भेट ठरवायची याची हिला गंमत वाटायची, पण ठरलेली भेट कधी चुकली नाही. आणि जुलैत त्या खजिनदारबाईंच्या नवऱ्याची बदली झाली. या क्लबांचं खरं दुखणं हेच आहे. जमेपर्यंत माणूस गाव सोडतो. मला काळजी वाटली, आता पुन्हा पहिले पाढे.

“बदली ना, ताई? बँकेत दर तीन वर्षांनी व्हायची. चार्ज द्यायचा, चार्ज घ्यायचा.”

निरोपाला तिने चकल्या नेल्या आणि येताना क्लबची हिशेबाची वही घेऊन आली. मे महिन्याची बाकी जुळत नव्हती म्हणे.