वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची सैन्यनोंदणी आणि नागपूरचा मुलगा

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीत जन्मला. तो पाच वर्षांचा असताना आम्ही नागपूरला परतलो. त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) आहे. गेल्या आठवड्यात त्याला 18 वर्षे पूर्ण झाली. तिथल्या लष्करासाठी त्याचे नाव नोंदवावे लागते, असे एका नातेवाइकाने सांगितल्यापासून घरात कोणाला झोप नाही. तो आमचा एकुलता एक आहे आणि राहतोही इथेच. तरीही नोंदणी आवश्यक आहे का? – एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : होय, आवश्यक आहे. अमेरिकी कायद्यानुसार 18 ते 25 वयाच्या पुरुष नागरिकाचे नाव ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम’ या सरकारी यंत्रणेकडे असावे लागते, मग तो नागरिक जगात कोठेही राहत असो. ओसीआय कार्डामुळे यातून सुटका होत नाही. एकुलत्या एक मुलाला सूट मिळते हा समज तर अमेरिकेतही पुष्कळ घरांत आहे, पण तो चुकीचा आहे.

आपली झोप उडाली ती बहुधा ‘भरती’ या शब्दामुळे. सीताबर्डीचा किल्ला आणि कामठीची छावणी पाहत वाढलेल्या आपल्या मंडळींसाठी भरती म्हणजे पहाटेची धाव, छातीचे माप आणि वैद्यकीय तपासणी. शिवाय आपल्याकडे अग्निवीर होण्यासाठीही मुलगा स्वतः अर्ज करतो, त्यामुळे सरकारने नाव मागितले की बोलावणे आलेच, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या नोंदणीत नाव, पत्ता, जन्मतारीख अशी मोजकीच माहिती द्यायची असते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील सक्तीची भरती 1973 मध्ये थांबली आणि 1975 मध्ये नोंदणीही स्थगित झाली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1980 मध्ये फक्त नोंदणी पुन्हा सुरू केली. सक्ती परत आणायची झाल्यास तेथील संसदेला कायदा बदलावा लागेल, मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरेल, आणि त्यातही त्या वर्षी 20 वर्षांचे होणारे आधी बोलावले जातील. त्यानंतरही तपासणी आणि सवलत मागण्याचा हक्क उरतोच.

टाळाटाळ मात्र महागात पडू शकते. कायद्यात 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे. गेल्या कित्येक दशकांत असे खटले भरलेले नाहीत हे खरे, पण उद्या मुलाला तिथल्या केंद्र सरकारची नोकरी हवीशी वाटली, तर नोंद नसल्याने ती दारे बंद होऊ शकतात. नोंदणी 18व्या वाढदिवसापासून 30 दिवसांच्या आत अपेक्षित असते. उशीर झाला तरी 26वा वाढदिवस येईपर्यंत ती स्वीकारतात, त्यानंतर ती करताच येत नाही. आपल्या हाती अजून वेळ आहे. आधी त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक) घालून नाव आधीच नोंदले गेले आहे का, ते पाहावे. नसल्यास नागपूरचाच पत्ता देऊन नोंद करावी आणि पोच जन्मदाखल्यासोबत जपून ठेवावी. पत्ता बदलल्यास तोही कळवावा लागतो.

प्रश्न : माझा 22 वर्षांचा भाचा टेक्सासमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकतो आहे. त्यालाही हे लागू होते का? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : नाही. विद्यार्थी व्हिसा वैध आहे तोवर नोंदणी करायची नसते. मात्र 26 वर्षांचा होण्याआधी त्याला ग्रीन कार्ड मिळाले, तर 30 दिवसांत नाव नोंदवावे लागेल, कारण हा नियम नागरिकांपुरता मर्यादित नसून तिथे स्थायिक झालेल्या परदेशी तरुणांनाही लागू आहे. आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना नोंदणीविषयी विचारणा होतेच. म्हणून व्हिसाच्या आणि महाविद्यालयाच्या कागदांच्या प्रती त्याने शिक्षण संपल्यावरही टाकून देऊ नयेत.