धान्याच्या खोलीची किल्ली बायकांकडं ठेव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. गल्लीतल्या बायकांना घेऊन धान्य बँक काढायची म्हणतेस, लई बरं वाटलं बघ. कोरोनात आम्ही कसं केलं विचारलंयस, ते सगळं काय एका पत्रात बसत नाही, पण एक गोष्ट आधीच सांगते आणि ती पक्की धर. कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं हे ठरवायला बायका बसल्या पाहिजेत, नुसत्या पिशव्या भरायला नव्हे.

का म्हणते सांगते. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातली पोरं, यूपी-बिहारकडची, एका खोलीत पाच-सहा राहणारी, एकदम हातावर हात धरून बसली. सरकारनं एप्रिलपासून माणशी 5 किलो धान्य फुकट चालू केलं खरं, पण ते रेशन कार्डावर, आणि ह्यांची कार्डं गावाकडं, बिनकार्डवाल्या परप्रांतीय कामगारांसाठी वेगळं धान्य जाहीर व्हायला मे उजाडला. तोवर गल्लोगल्लीच्या लोकांनीच त्यांना सांभाळलं. कुणीतरी मोठ्या मनानं गव्हाची पोती पाठवली, तालमीची, म्हणजे गल्लीतल्या मंडळाची पोरं म्हणाली चला वाटून टाकूया, तर आमच्यातली एक मावशी म्हणाली, अरे पण दळणार कुठं? दळणाला पैसे कुठनं आणणार, आणि गिरणीला जायला बाहेर पडलं की चौकात पोलीस अडवणार. मग गिरणीवाल्याशी बोलून आम्ही सगळा गहू दळून घेतला आणि पीठ दिलं. तसंच डाळीचं. तूरडाळीला कुकर नाहीतर तासभर गॅस, आणि त्यांच्याकडं छोटी शेगडी, म्हणून मसूर डाळ, ती पटकन शिजते. तेल, तिखट, मीठ, चहापूड, काडेपेटी, हे यादीत आपणहून कुणी लिहीत नाही, पण नुसत्या तांदळावर माणूस किती दिवस काढणार. आणि पॅड. पॅड तर पुरुषमाणसं बसलेल्या मीटिंगमध्ये कोण बोलणारच नाही, ते तू बोल. तालमीच्या पोरांना मी नावं ठेवत नाही हं, टेम्पो त्यांनीच चालवला, पोती त्यांनीच उचलली, पण चूल ज्यांना रोज पेटवायची असते त्यांनाच कळतं काय कमी पडणार.

दुसरं, रांगेत जे येतात त्यांच्यापेक्षा जे येत नाहीत ते शोध. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सोसायट्यांनी गेटवरच बंद केलं, काहींचा पगारही थांबवला, आणि ह्या बायका मरतील पण हात पसरणार नाहीत. त्यांना फोन कर, मदत पाहिजे काय असं विचारू नको, गॅस आहे काय गं, पोरं काय जेवली, असं विचार, आपोआप सगळं कळतं. फुकट नको म्हणणारेही असतात, शिवभोजन थाळी त्या मार्चमध्ये 10 ची 5 रुपयाला केली तेव्हा ते 5 रुपये टेकवून जेवण्यात पण माणसाला बरं वाटायचं, हे विसरू नको. कुणी म्हणालं मी थोडे पैसे देते तर घे आणि पावती दे.

फोटो नाही म्हणजे नाही. देणगीदार कितीही मोठा असू दे, पिशवी घेतानाचा बाईचा चेहरा कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये. ह्यावर भांडण झालं तर भांड.

तुमच्या स्वतःचंही बघा. घरचं सगळं उरकून, सासूची औषधं देऊन, पोरांचा मोबाईलवरचा अभ्यास घेऊन मग बायका इथं येतात आणि कुणी विचारत नाही तू दमलीस काय. पाळ्या लाव. जिला शुगर-बीपी आहे, जिच्या घरी म्हातारं माणूस आहे तिला साथीच्या दिवसात वाटपाला पाठवू नको, फोनचं आणि हिशोबाचं काम दे, ते काय कमी काम नाही. नवरा घरी असेल तर दोन दिवस भात तो लावेल, सांगायला लाजू नका.

धान्य जमिनीवर टेकवू नका, फळ्या टाका, आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीला ओल सुटते. तांदळात कडुलिंबाचा पाला. आधी आलेलं आधी संपवा. साथ नसली तरी बंद करू नको, 2019 ला पूर आला, 2021 च्या जुलैत कोरोना चालू असतानाच परत आला, पंचगंगा काय विचारून येत नाही.

वही दोघींच्या सहीची ठेव. घर आणि खाणारी तोंडं एवढंच लिहायचं, जात-कारण-पगार काही नाही. आणि खोलीची किल्ली तुमच्यातलीच एक सांभाळेल हे पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरवून घे, नंतर जमत नाही. किटची यादी झाली की मला पाठव, तेल-मिठासकट बघून सांगते.

तुझी,
काकी