तुलना कोणत्या प्रश्नासाठी?

प्रश्न : मी शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी आहे. तौलनिक शिक्षण, म्हणजे देशोदेशींच्या शिक्षणव्यवस्थांची तुलना करणारा विषय, यावरील जुन्या ग्रंथांत परदेशी शाळांची वर्णने असतात, तर नव्या संशोधनात चाचण्यांचे गुण आणि क्रमवारी. एखाद्या देशातील या विषयाचे संशोधन असे का पालटते?

उत्तर : वर्णन मागे पडले आणि आकडे आले, हे खरे असले तरी त्यामागचे कारण केवळ पद्धतीत शोधू नये. स्वतःच्या शाळांविषयी देशाला पडलेला प्रश्न बदलला की त्याची तुलनाही बदलते, असे माझे ठाम मत आहे.

जपानकडे पाहा. १८७१ मध्ये निघालेले जपान सरकारचे इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपातील शाळा पाहत फिरत असतानाच, १८७२ मध्ये, मायदेशी शिक्षणसंहिता जाहीर झाली आणि तिची केंद्रीय रचना प्रामुख्याने फ्रेंच धर्तीवर बेतलेली होती. पुढे १८७९ च्या आदेशाने अमेरिकेच्या धर्तीवर स्थानिक मंडळींना अधिकार दिले, पण वर्षभरातच ते बऱ्याच अंशी सरकारकडे परत गेले. तेव्हाचा प्रश्न ‘कोणाकडून काय घ्यावे?’ असा होता, आणि उसनवारीच्या अशा अभ्यासात परकी व्यवस्था ज्या समाजात रुजली तो समाज सहसा नजरेआड होतो. शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० मध्ये इंग्लंडमध्ये हाच इशारा दिला होता : शाळेबाहेरच्या गोष्टी शाळेतल्या गोष्टींपेक्षा अधिक महत्त्वाच्या असतात. युद्धोत्तर काळात मात्र अनेक जपानी संशोधक आग्नेय आशियातील देशांच्या भाषा शिकून तेथील शाळांत जाऊ लागले. तेथून काही आणायचे नव्हते. तेथील शिक्षण तसे का घडले, हे समजून घ्यायचे होते. विषय प्रौढ झाल्याची ही खूण मला फार मोलाची वाटते.

जर्मनीत बदल धक्क्याने झाला. २००० मधील ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे निकाल २००१ च्या अखेरीस आले, तेव्हा पंधरा वर्षांच्या जर्मन मुलांचे वाचन सहभागी देशांच्या सरासरीखाली होते आणि कुटुंबाच्या परिस्थितीचा गुणांवरील प्रभाव फार मोठा होता. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षणमानके ठरली आणि मोजमापावर आधारलेल्या संशोधनाचे वजन वाढले. या आकड्यांनी लपलेली विषमता उघड केली, म्हणून मी त्यांना कमी लेखणार नाही. मात्र ती विषमता वर्गात कशी घडते, हे पाहण्यासाठी वर्गातच बसावे लागते.

आपण एखाद्या संशोधनपत्रिकेचे वीस-वीस वर्षांच्या अंतराने निघालेले अंक घ्या आणि तुलनेसाठी कोणते देश निवडले, मूळ साधने कोणत्या भाषेतील होती आणि अभ्यासाला पैसा कोणी दिला, एवढे टिपून ठेवा; देशाचा प्रश्न कसा बदलत गेला, ते त्यातून दिसेल.