फुलेवाडीची जळालेली मोटर आणि तीन लाखांचा हप्ता

कोल्हापूरच्या फुलेवाडीहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ६१, शिरोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त. घरच्या बोअरची दीड एचपीची मोटर दोन वर्षांत तिसऱ्यांदा जळाली. दोनदा वाइंडिंग करून घेतलं. आता दुकानदार म्हणतो, बोअर आणखी दीडशे फूट खाली न्या, तीन एचपीचा पंप टाका, पाईप-केबल नवी घ्या. खर्च १ लाख ४० हजार. नळाला पाणी दिवसाआड येतं, वर एक भाडेकरू आहे, त्यामुळे बोअरशिवाय भागत नाही. प्रश्न असा: पत्नीचा साज आणि पाटल्या गहाण ठेवून सोनेतारण कर्ज घ्यावं, की दुकानदाराच्या हप्त्यावर पंप घ्यावा?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "पीएफ-ग्रॅच्युइटीचे १९ लाख आले होते. मुलीच्या लग्नात आणि स्लॅबच्या कामात ६ गेले. बँकेतल्या साहेबांनी सांगितल्यावरून ३ लाख गॅरंटीवाल्या योजनेत भरले, बाकीचे १० लाख एफडीत आहेत, पण ते पुढच्या हप्त्यांसाठी ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही."

मी ही ओळ तीनदा वाचली. मोटरचं सांगतो, पण ते पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही लिहिलंय की मोटर दहा मिनिटं चांगलं पाणी देते, मग हवा मारते, आणि अर्ध्या तासाने सुरू केली की पुन्हा पाणी येतं. म्हणजे बोअर आटलेली नाही. पंप जितक्या वेगाने ओढतो तितक्या वेगाने तिच्यात पाणी झिरपत नाही, एवढंच. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्याने गार राहते. पाणी खाली गेलं आणि मोटर चालूच राहिली की वाइंडिंग भाजतं. तिसऱ्यांदा जळायचं कारण हेच दिसतं. त्यात तीन एचपीचा पंप टाकलात तर तीच बोअर चार-पाच मिनिटांत रिकामी होईल आणि चौथी मोटर जळेल, फक्त महागातली. आणि खाली नेऊन पाणी लागेल याची हमी कोण देतो? आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. भेग लागली तर लागली, नाहीतर दीडशे फूट कोरडा दगड फोडल्याचे पैसे.

गरज किती आहे तेही बघा. तुम्ही दोघं आणि भाडेकरू दोघं, माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने दिवसाला साडेपाचशे लिटर. दोनशे फुटांवरून दीड एचपीचा पंप मिनिटाला चाळीसेक लिटर टाकतो, म्हणजे दहा मिनिटांत चारशे. सकाळी एकदा, दुपारी एकदा चालवला की टाकी भरली. खात्री करायची तर दोनशे लिटरचा बॅरल पाईपखाली ठेवा आणि घड्याळ लावा. हे दुकानदाराने करायला हवं होतं. त्याने केलं नाही, कारण बॅरल मोजून १ लाख ४० हजारांचं बिल होत नाही.

तीनदा भाजलेल्या मोटरवर आता पुन्हा वाइंडिंगचे पैसे घालू नका. बोअरच्या खोलीला चालेल असा एक एचपीचा पंप, १५ हजारांच्या आसपास. कोरडी चालली की आपोआप बंद पाडणारं आणि कमी व्होल्टेजला मोटर उचलू न देणारं पॅनेल, अडीच-तीन हजार. मोटर काढणे-सोडणे, पाणी उलट खाली जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, केबलचा नवा जॉइंट मिळून आणखी तीन-चार हजार. २२ हजारांत विषय संपतो. उद्यमनगरात दोन ठिकाणी भाव विचारा, फुलेवाडीतच घेतला पाहिजे असं काही नाही. बोअर मात्र टिकवाच. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आली तरी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेल्यावर शहराच्या नळाला काय आलं होतं, ते फुलेवाडीकराला मी सांगायला नको.

हे २२ हजार कुठून आणायचे? एफडीतून! दहा लाख बँकेत असताना साज गहाण ठेवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. एफडीवर तुम्हाला सात टक्के मिळणार आणि सोनेतारणाला तुम्ही दहा-बारा देणार. वहिनींना विचारलंत तरी का?

आता त्या हात न लावायच्या दहा लाखांकडे वळू.

तुम्ही सोबत पाठवलेला कागद विमा पॉलिसीचा आहे. ती एफडी नाही. दरवर्षी ३ लाख, सात वर्षं, म्हणजे २१ लाख. पंधराव्या वर्षी ३६ लाख. साहेबांनी पेनने कोपऱ्यात "जवळजवळ डबल" लिहिलंय. २१ चे ३६ सरासरी बारा वर्षांत होतात, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. तुमच्या सध्याच्या एफडीपेक्षा कमी, आणि पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७६ वर्षांचे.

पण व्याजदर जाऊ दे. हप्ते भरणार कुठून? तीन लाख भरले, दहा लाख आहेत. तीन-तीन लाखांचे आणखी तीन हप्ते, की खात्यात उरला १ लाख. पाचव्या हप्त्याला काय विकणार? वेतन बंद झालेल्या माणसाच्या गळ्यात सात वर्षांचा हप्ता कसा बांधला, हे बघायचं असेल तर पॉलिसीसोबत आलेली प्रपोजल फॉर्मची प्रत काढा आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. माझा अंदाज आहे की तिथे तुमची पेन्शन लिहिलेली नसेल. पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं कुणी सांगितलं होतं का, तेही आठवा. तुम्ही साहेबांना "आपलाच माणूस" म्हटलंय. असेल. पण त्या दिवशी तो कमिशनचा माणूस होता.

बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता आली असती. गेल्या ऑगस्टची असल्याने ती वेळ गेली. म्हणून पुढचं सांगतो ते या महिन्यातच करा. दुसरा हप्ता भरायचा नाही. आधी बँकेत लेखी अर्ज देऊन ऑटो डेबिट बंद करा आणि पोच घ्या, नाहीतर तुम्ही विचार करत बसाल आणि खात्यातून ३ लाख आपोआप जातील. मग विमा कंपनीकडे लेखी तक्रार: निवृत्त माणसाला एफडी सांगून विमा विकला, उत्पन्न चुकीचं लिहिलं, पैसे परत द्या. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण ३ लाख मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण फॉर्मवर खोटं उत्पन्न असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

तक्रार फसली तरी सगळं बुडत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा हप्ता पूर्ण भरलेला असेल आणि ते वर्ष संपलं असेल, तर पॉलिसी सोडताना काहीतरी सरेंडर मूल्य द्यावंच लागतं. किती, ते कंपनीकडून लेखी मागा. शाखेतल्या खुर्चीवरून आलेला आकडा धरू नका.

"पण भरलेले ३ लाख?" हे तुम्ही विचारणारच. समजा त्यातला एक पैसा आला नाही. तरीही दहा लाखांपैकी दोन लाख अडीअडचणीसाठी साध्या एफडीत ठेवा आणि आठ लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या व्याज ८.२ टक्के. दर तिमाहीला १६ हजार ४०० खात्यात, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार धरा. तुमची पेन्शन ३,४००, भाडं ४,५००, पुण्याहून मुलगा ८ हजार पाठवतो, खर्च १८ हजार. महिन्याला दोन हजारांची जी ओढ आहे ती भागून वर तीन हजार उरतात. आणखी ९ लाख भरत बसलात तर ही ओढ तशीच राहील आणि चौथ्या हप्त्यानंतर पॉलिसी अर्धवट थांबून, पंधराव्या वर्षी फार तर वीस लाखांच्या आसपास मिळतील. तोवर दर मे महिन्यात साज गहाण.

मेडिक्लेम आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर तीन हजार उरतात म्हटलं ते विसरा, ते तिकडे जातील. मला वेगळं कळवा.

आणि हो, नवा पंप सोडताना जुना दोर वापरू नका. मिस्त्री म्हणेल चांगला आहे, अजून चालतोय. नवा नायलॉनचा दोर घ्या. जुना तुटून पंप बोअरमध्ये अडकला, तर मग खरोखरच १ लाख ४० हजारांच्या गोष्टी सुरू होतील.