पीकसंरक्षणाच्या भरमार बंदुकीचे कोणते सुटे भाग घरात ठेवावेत?

भाऊ, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आजोबांपासूनची एकनळी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची भरमार बंदूक आज वडिलांच्या परवान्यावर आहे, पीकसंरक्षणासाठी. तुम्ही व्हिडिओत पाहिलं की अमेरिकेतले लोक जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरच्या नव्या नकला वापरतात आणि त्यांच्या सुट्या भागांचा डबाच भरून ठेवतात. तसा डबा आपणही करावा का, आणि त्यात काय काय टाकावं?

करा. पण साबणाच्या डबीत मावेल एवढाच करा.

आमचं वावर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीकडच्या पट्ट्यात, जंगलाला अगदी धुरा लागून. धान निघालं की हरभरा आणि लाखोरी, म्हणजे रानडुकरांचं जेवण. मी कोळसा खाणीत फिटर होतो, आता घरी असतो. बंदूक बापाची, नंतर माझ्या परवान्यावर आली. तेव्हा खाली जे लिहितो ते थोडं फिटरच्या डोळ्यानं आणि थोडं जागलीवरच्या माणसाच्या.

आधी त्या अमेरिकन डब्याचं. त्यांचा डबा मोठा असतो त्याला कारण आहे. ते वापरतात त्या 1851 च्या कोल्ट नेव्हीच्या किंवा 1858 च्या रेमिंग्टनच्या नकला, बहुतेक इटलीत बनलेल्या, पिएटा आणि उबर्ती या कारखान्यांच्या. घोडा, म्हणजे आपटून बार पेटवणारा हातोडा, मागे ओढला की आतलं एक पोलादी बोट सहा घरांची चक्री एक घर पुढे ढकलतं. त्या बोटाच्या पाठीला कागदासारखी पातळ कमान (स्प्रिंग) असते, ती तुटते. चक्री जागेवर अडवणारा खटका वेगळा. तो खटका आणि चाप या दोघांना मिळून दोन पायांची एकच चपटी कमान असते, तिचा एक पाय हमखास मोडतो. कोल्टच्या नमुन्यात नळी एका आडव्या पाचरीवर धरलेली असते, ती ठोकून ठोकून झिजते. निपल, म्हणजे टोपी बसते ती भोकाची नळकांडी, सहा. वर फुटलेल्या टोपीचे (फटक्यानं पेटणाऱ्या दारूच्या टिकलीचे) तुकडे यंत्रात पडून अडकतात ते वेगळंच. आणि गंमत म्हणजे पिएटाचा भाग उबर्तीला सरळ बसेल याची खात्री नाही, कधी एकाच कारखान्याच्या दोन वेगळ्या वर्षांच्या मालातही कानस मारावी लागते. म्हणून ते लोक प्रत्येक नाजूक भाग दोन-दोन घेऊन ठेवतात. शिवाय तिथं 1968 च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या नकला बंदुकीच्या व्याख्येतच येत नाहीत, त्यामुळे भाग टपालानं घरी येतात.

यातलं आपल्याला काहीच लागू नाही. आपल्या बंदुकीत चक्री नाही, ते बोट नाही, पाचर नाही. निपल एक, घोडा एक, एक मोठी कमान, एक लहान कमान आणि आत दोन-तीन खाचांचे तुकडे. आणि कायदा तर पूर्ण उलटा आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण इथंच माणसं फसतात. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. कलम 45 मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते भाग दुसऱ्या पूरक भागांसोबत वापरायचे नसतील तरच. तुमच्याकडे चालू बंदूक आहे आणि भाग तिच्यासाठीच घेताय, म्हणजे त्या सुटीवर विसंबू नका. त्याच कलमात जुन्यापुराण्या शस्त्रालाही सूट आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. ‘शंभर वर्षांची आहे, तिला काय कायदा’ असं गावात कोणी म्हणालं तर ऐकू नका. विनापरवाना दुरुस्ती करणं हा कलम 5 नुसार गुन्हा आहे, मग करणारा लोहार कितीही गुणी असो. परदेशातून मागवायचं तर आयातीचा परवाना वेगळा, कलम 10. तेव्हा रस्ता एकच. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे मूळ परवाना घेऊन जायचं, भाग बिलावर घ्यायचा, बिलावर परवाना क्रमांक लिहून घ्यायचा. बंदूक वडिलांच्या नावावर आहे ना, मग वडिलांना सोबत न्या. तुम्ही एकट्यानं ती खांद्यावर टाकून एसटीत बसू नका.

आता डब्यात काय.

निपल, दोन. सगळा डबा याच्यासाठीच आहे म्हणा. टोपीची आग निपलच्या बारीक भोकातून नळीत जाते, आणि प्रत्येक बाराला तीच आग ते भोक जरा जरा खाते. भोक मोठं झालं की दाब मागे येतो. बार झाल्यावर घोडा आपोआप वर उचललेला दिसला, किंवा टोपी चिरफाळून उडायला लागली, की निपल संपला समजा. दुसरं मरण म्हणजे टोपीशिवाय घोडा टाकायची सवय. पाहुणे आले की पोरं बंदूक दाखवतात आणि टक-टक करतात. निपलचं तोंड ठोकून पसरतं, मग टोपी पूर्ण बसत नाही आणि पहिल्या फटक्याला बार होत नाही.

माझी ओळखायची रीत साधी आहे. नवा निपल आणला की त्याच्या भोकात शिवणाची सुई हलकेच सोडायची. जिथं अडते तिथं सुईवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा (सुनेची बाटली, न विचारता). ती सुई त्याच डबीत ठेवायची. दर हंगामाला निपल काढून साफ केला की तीच सुई घालून बघायची. ठिपका आत गेला की निपल बदलायचा.

निपल घेताना खरी अडचण आट्यांची, म्हणजे स्क्रूवर असतात तशा फेऱ्यांची. अमेरिकन पद्धतीच्या बऱ्याच ठासणीच्या बंदुकांत पाव इंच व्यास आणि इंचाला 28 आटे असतात. पिएटाच्या रिव्हॉल्वरला 6 मिमी व्यास आणि दोन आट्यांत 0.75 मिमी अंतर. काही स्पॅनिश बंदुकांना 6 मिमी व्यास आणि 1 मिमी अंतर. हातात घेतले तर तिन्ही सारखेच दिसतात. 6 मिमीचा निपल पाव इंचाच्या भोकात घातला तर दोन फेरे धरल्यासारखा वाटतोही. तो धरलेला नसतो. आपल्याकडच्या जुन्या बंदुकांचं तर सांगायलाच नको, एकाच गावातल्या दोन बंदुकांचा मेळ बसेल असं नाही. म्हणून आटे गेजनं मोजायचे, अंदाजानं नाही.

हे मी बोलून दाखवत नाही, भोगलं आहे. बापाच्या काळात आमचा निपल झिजला तेव्हा बाजाराच्या गावी एकानं लेथवर बोल्टाचा निपल करून दिला होता. भोक ड्रिलनं मारलेलं, आरपार एकसारखं, आणि आटे सैल. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. तुरीच्या वावरात मचाणावरून हवेत बार काढला, तर घोडा उलटा आला आणि टोपीचा तुकडा उजव्या भुवईत घुसला. डोळ्यापासून बोटभर वर. खाच अजून आहे, तिथं केस येत नाहीत. बापानं दुसऱ्या दिवशी तो निपल विहिरीत टाकला, पण पैसे परत मागायला काही गेला नाही. मागणार तरी कोणत्या तोंडानं, दुरुस्तीच चोरून केलेली!

निपलचा पाना, एक. साध्या पक्कडीनं निपल काढाल तर त्याचे कोपरे गोल होतील आणि मग तो कधीच निघणार नाही. पाना तुमच्या निपलच्या मापाचा घ्या. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा. जुना निपल जाम असेल तर रात्रभर रॉकेल मुरू द्या, पान्याला पाइप लावून ताकद करू नका.

पण हे सगळं करण्याआधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. भरमार बंदूक उघडून बघता येत नाही, म्हणून दारू ठासायचा गज वापरायचा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडापाशी त्यावर खाच करून ठेवायची. पुढे कधीही गज टाकला आणि ती खाच नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं राहिली, तर आत भरलेलं आहे. आजोबांच्या काळात भरून कोनाड्यात ठेवलेली बंदूक नातवापर्यंत तशीच येते. तुमच्या गजावर खाच नसेल आणि रिकाम्या नळीची खात्री नसेल, तर निपलला हात लावू नका, ती तशीच विक्रेत्याच्या कारागिराकडे न्या.

मोठी कमान, एक. घोड्याला जोर देणारी, इंग्रजी ‘व्ही’सारखी दुमडलेली चपटी कमान. ती मोडते ती जवळजवळ नेहमी दुमडीपाशी, आणि बहुतेकदा तिथं गंजाचा एक ठिपका आधीच बसलेला असतो. आमची मोडली ती माघातल्या थंडीत, हरभऱ्याच्या जागलीवर. आवाज अगदी सुपारी फुटल्यासारखा, आणि घोडा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायला लागला. उरलेली रात्र आम्ही डबा वाजवून काढली. कमान घेताना कुलूपपाटी, म्हणजे घोड्याची सगळी जोडणी, सोबत घेऊन जा. दोन्ही पायांची लांबी आणि टोकाची आकडी जुळली पाहिजे. बसवून घ्यायचं काम कारागिराचं. ती दाबून धरायला वेगळा शिकंजा लागतो. पक्कडीनं दाबली तर एक तर ओरखडा पडेल, नाही तर ती उडून तोंडावर येईल.

स्क्रू. घोड्याचा एक, कुलूपपाटीचे दोन. हे झिजत नाहीत, यांना आपण मारतो. घरातल्या टीव्हीच्या स्क्रूड्रायव्हरनं खोलायला गेलं की खाच फाटते. एक पेचकस त्या खाचेत घट्ट बसेल असा घासून घ्या आणि त्याला दुसरं कुठलंच काम देऊ नका.

गजाचा पेच. गजाच्या टोकाला बसणारा, आतलं बूच ओढून काढणारा. पाऊस लागून बार झालाच नाही तर यावाचून पर्याय नाही. तेही शक्यतो जाणत्याकडूनच.

एवढंच. चाप, आतल्या खाचांचे तुकडे, घोडा हे घेऊन ठेवू नका. ते एकमेकांवर घासून बसवलेले असतात. बाजारातून आणलेला तुकडा अर्ध्या चढावाची खाच (घोडा अर्धा ओढून अडकवतात ती) नीट धरत नसेल तर चाप न ओढताच बार सुटेल. नळी, दस्ता यांचा तर विषयच नाही. टोप्या 10 आणि 11 अशा दोन क्रमांकांत मिळतात, 11 ची जरा रुंद. तुमच्या निपलवर जी बोटानं दाबून पूर्ण बसते ती तुमची. किती ठेवायच्या ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

खरं सांगायचं तर आपल्याकडे बंदुका भाग मोडून कमी मरतात, गंजानं जास्त. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. ती तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून बार काढला त्याच दिवशी कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग यंत्राचं तेल. जवसाचं तेल दस्त्याला लावा, लोखंडाला नको. ते सुकून चिकट पापडी होते आणि खाली गंज चालूच राहतो. डबीतल्या भागांनाही हेच. ग्रीस लावून कागदात गुंडाळा, कापडात नको, कापड ओल धरतं.

आणि निवडणुकीचं लक्षात ठेवा. 2024 मध्ये निवडणुकांमुळे माझी बंदूक पोलीस ठाण्यात दोनदा जमा झाली. लोकसभेला मार्चात दिली ती जूनमध्ये निकालानंतर आली, पुन्हा विधानसभेला ऑक्टोबरात गेली. पहिल्या खेपेला मी ती नेहमीसारखी पुसून दिली होती. परत आली तेव्हा निपलभोवती तांबडा भुगा, आणि कुलूपपाटीवर कोणाच्या तरी पाच बोटांचे गंजलेले ठसे, मोजून घ्या. ठाण्यात भांडून उपयोग नव्हता, तिथं भिंतीला शेकडो बंदुका टेकवलेल्या. दुसऱ्या खेपेला ग्रीसचा जाड थर दिला, निपल जागेवरच ठेवून वरून ग्रीसचा गोळा बसवला, आणि पावतीवर ‘बंदूक चालू स्थितीत’ असं लिहून मागितलं. लिहून दिलं नाही, पण बंदूक कोरडी परत आली.

एक राहिलं. तुम्ही शेवटी विचारलंय की पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तशी नकली रिव्हॉल्वरच घेता येईल का. नाही. कायद्यातलं ते कलम (13) पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतं, आणि ती पुरेशी नसेल तर फार तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या लांब बंदुकीचं. रिव्हॉल्वर-पिस्तुलाचा परवाना वेगळा, त्याची कारणं वेगळी. आणि बंदूक आहे म्हणून डुक्कर किंवा रोही मारता येतो असंही नाही, त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर मचाणावरून हवेत बार, एवढाच तिचा उपयोग, आणि तेवढ्यासाठी दोन निपल दहा हंगाम पुरतात.

तुमच्या निपलचा व्यास आणि आटे मोजले की इथंच खाली लिहा. गेज नसेल तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारा. फक्त काढलेला निपलच खिशात घालून न्या, बंदूक नको.