बाटल्या नाल्यात गेल्या, आता तक्रार कशाची करू?

प्रश्न : माझे पती रोजानं दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करतात. मागच्या आठवड्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारून आले आणि रात्री उलट्या, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं होतं? कोणालाच सांगता येईना. शेतमालकानं कृषी केंद्रातून दोन बाटल्या आणि एक पुडी आणली होती. ‘तिन्ही एकत्र मारा’ असं दुकानदारानंच सांगितलं म्हणतात. बाटल्या नाल्यात टाकल्या, बिल घेतलंच नव्हतं. पती आता बरे आहेत. तक्रार कुठे करू?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, पती घरी आले हे आधी बरं झालं. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. मी स्वतः कीटकनाशक निरीक्षक होतो, तोंडी तक्रारींचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

आता अडचणीचं बोलतो. १९६८च्या कीटकनाशक कायद्यानं निरीक्षकाला दुकानात शिरायचा, साठा तपासायचा, नमुना घ्यायचा अधिकार दिलाय. नमुन्याचे तीन भाग करायचे, तिन्हींना सील ठोकायचं. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी. मी लाख वितळवत बसलो की दुकानदार हटकून चहा मागवायचा. मी तो कधी घेतला नाही. पण नमुना घ्यायचा कशाचा? कोणत्या कंपनीचं, कोणत्या बॅचचं औषध, ते बिलावर आणि बाटलीवर असतं. तुमच्याकडे दोन्ही नाही. बिल देणं दुकानदाराला नियमानं बंधनकारक आहे. शेतमालकाला विचारा, निदान कच्ची चिठ्ठी तरी खिशात असेल. उधारीवर आणलं असेल तर दुकानदाराच्या वहीत नोंद सापडेल, निरीक्षकाला ती वही बघायला सांगा.

‘एकत्र मारा’ हे तर अर्जात ठळक लिहा. फरीदाबादची नोंदणी समिती प्रत्येक औषध पीक, कीड आणि मात्रा ठरवून मंजूर करते. त्यालाच लेबल क्लेम म्हणतात. दुकानाच्या फळीवर जुळवलेलं तीन औषधांचं मिश्रण कोणी तपासलेलं नसतं, मग त्या विषावरचा उतारा तरी लेबलवर कुठून येणार?

२०१७ साली आपल्याच जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. पंपाचा फवारा वर धरला की तोंडावरच उतरायचा. मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर राज्यानं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम इथं बंदी घातली. किती दिवस? साठ. कायद्याच्या कलम २७ मध्ये राज्याच्या हाती तेवढंच आहे, फार तर आणखी तीस दिवस वाढवता येतात; कायमची बंदी केंद्र घालतं.

आणखी एक गोष्ट, जी मला नोकरीत असताना मोठ्यानं बोलता आली नाही. कलम ३८ म्हणतं, स्वतः कसत असलेल्या जमिनीत कोणी कीटकनाशक वापरलं तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. म्हणजे आम्ही कारखाना बघायचो, गोदाम बघायचो, दुकान बघायचो आणि धुऱ्यापाशी, शेताच्या बांधावरच, थांबायचो. तुमच्या पतीच्या पाठीवरचा पंप गळतो का, हातात मोजे आहेत का, हे विचारायला कोणी निरीक्षक येत नाही. शेतकरी अपघात अनुदानाच्या योजनेत विषबाधा धरली आहे, पण तिथं आधी सातबारा मागतात. तुमच्याकडे तो नसणार.

यापुढे पतींनी एवढं करावं : पंपात ओतण्याआधी प्रत्येक बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढावा. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर ते सगळ्यांत जहाल, त्याखालोखाल पिवळा. ते मालकानं मोजे-मास्क दिल्याशिवाय हातात घेऊ नये. त्या दिवसाचा रोज बुडेल, हे मला कळतं.

आणि आजच दवाखान्यात जाऊन केसपेपरची नक्कल मागा. त्यावर ‘विषबाधा’ हा शब्द आहे का, बघा. नुसतं ‘उलट्या, अशक्तपणा’ लिहिलं असेल तर डॉक्टरांना फवारणीचं पुन्हा सांगून तशी नोंद करायची विनंती करा. पुढच्या आठवड्यात त्यांना तुमचा पेशंट आठवणार नाही.