ठाण्यातल्या १२ फुटी हॉलमध्ये ओपन बॅफल (बिनपेटीचे, मागून उघडे) स्पीकरसोबत सब (सबवूफर, खालच्या बासचा वेगळा स्पीकर) लावला की तबल्याचा डग्गा घुमतो. काय करू?

सब कोपऱ्यात असेल तर आधी तो बाहेर ओढा. ओपन बॅफलमध्ये मागची लाट पुढचीला खाते, म्हणून खालचा बास उतरतो. सब मात्र अख्ख्या खोलीत दाब भरतो. १२ फुटांत साधारण ४७ हर्ट्झला खोली स्वतःच गुंजते, तिथे इक्वलायझरने थोडं कापा.

क्रॉसओव्हर (जिथे सबचं काम संपून स्पीकरचं सुरू होतं ती फ्रिक्वेन्सी) ८० ते १०० हर्ट्झ ठेवून बघा, स्पीकरलाही हाय-पास (त्याखालचा बास अडवणारा फिल्टर) द्याच. मग त्याच फ्रिक्वेन्सीचा टोन लावून सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करा, बसायच्या जागी आवाज सगळ्यात बारीक होईपर्यंत सबवरचा फेजचा नॉब (लाटा जुळवणारा) फिरवा आणि पोलॅरिटी परत सरळ करा. इथे घाई नको, अर्धं काम यातच आहे. माझ्या कळव्याच्या घरी हे जमलं आणि डग्ग्यावरचा घिस्सा (तळहात घासून काढलेला सरकता आवाज) पहिल्यांदा स्वच्छ, सुटा ऐकू आला.